भाताचा कडा-करपा आणि रोपाची राखण

भाद्रपदाच्या सुमारास पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकींतून बाहेर पाहिलें तर हिरवें भात दृष्टीस पडतें. एका अंगास कारखान्यांचीं धुराडीं, दुसऱ्या अंगास दूरवर डोंगरांची रांग, आणि मध्यें घोटाभर पाण्यांत उभें असलेलें पीक, असा हा देखावा असतो. या भागांतील पुष्कळ कुटुंबांचें वर्षाचें धान्य या एकाच पिकांतून येतें. सूर्या नदीच्या कालव्याचें पाणी ज्यांना मिळतें त्यांची गोष्ट निराळी. इतरांना पावसाळा सरल्यावर दुसरें भात नाहीं. म्हणूनच एखाद्या सकाळीं खाचरांतील पानांच्या कडा पिवळ्या पडलेल्या दिसल्या कीं शेतकऱ्याच्या पोटांत गोळा उठतो.

अशा वेळीं संशय कोणावर जातो? तारापूर-चिंचणीच्या समुद्राकाठीं तो खाऱ्या पाण्यावर जातो. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीजवळ तो धुरावर किंवा नाल्याच्या पाण्यावर जातो. डोंगराकडील गांवांत खत कमी पडलें असें म्हणतात, आणि युरियाची आणखी एक पाटी शेतांत पडते. हे तिन्ही संशय निराधार असतात असें नाहीं. परंतु चौथा एक चोर असतो, तो डोळ्यांना दिसत नाहीं, आणि युरियाची ती जादा पाटी नेमकी त्याच्याच पथ्यावर पडते.

हा चोर म्हणजे एक सूक्ष्म जंतु होय. त्याच्यापासून होणाऱ्या रोगास कडा-करपा असें नांव आहे, आणि तें अगदीं सार्थ आहे. पानाच्या शेंड्यापासून आरंभ होऊन कडेकडेनें पिवळसर पट्टा खालीं उतरतो. त्याची आंतली सीमा सरळ नसते, लाटेसारखी नागमोडी असते. पुढें तो भाग वाळून पेंढ्याच्या रंगाचा होतो. खाऱ्या पाण्याचा दोष असेल तर पानांचे शेंडे पांढुरके होऊन जळतात, पण अशी नागमोडी रेघ उमटत नाहीं. धुराचा दोष असेल तर तो बांधावरच्या गवताझुडपांवरही दिसतो. तरीही शंका राहिली तर एक सोपी परीक्षा आहे. रोगट व निरोगी भाग जेथें मिळतात तेथील पानाचा तुकडा कापावा आणि स्वच्छ पाण्यानें भरलेल्या कांचेच्या पेल्यांत त्याची कापलेली बाजू बुडवून तो पेला उजेडाकडे धरावा. कडा-करपा असेल तर थोड्याच वेळांत त्या तुकड्यांतून दुधासारखी गढूळ धार खालीं उतरतांना दिसते. त्या धारेंत कोट्यवधि जंतु असतात. एक मिलिमीटर लांबीच्या रेघेवर हे जंतु एकापुढें एक मांडले तर पांचशेंहून अधिक सहज मावतील, इतके ते लहान असतात. प्रयोगशाळेंत वाढविले म्हणजे त्यांच्या पुंजांना पिवळा रंग येतो. त्यावरूनच त्यांच्या कुळाला ‘झँथोमोनस’ हें नांव मिळालें, कारण ग्रीक भाषेंत ‘झँथोस’ म्हणजे पिवळा.

या रोगाचा इतिहास उद्बोधक आहे. जपानांतील फुकुओका प्रांतांत इ. स. १८८४ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या तो प्रथम लक्षांत आला. सकाळीं रोगट पानांवर गढूळ थेंब दिसत, आणि आम्ल जमिनीमुळें हा प्रकार होतो असें पुष्कळ दिवस मानलें जाई. पुढें त्या थेंबांतच जंतूंचे थवे सांपडले, आणि १९२२ मध्यें इशियामा या संशोधकानें त्या जंतूचें रीतसर वर्णन केलें. वनस्पतींना जंतूंपासून रोग होऊं शकतो ही गोष्टच त्या काळीं नवी होती. अमेरिकेंत टॉमस बरिल यांनीं १८८० च्या सुमारास नासपतीच्या झाडांवरील रोगाचें मूळ जंतूंत असल्याचें दाखविलें होतें. तरी शतकाच्या अखेरीस जर्मनींतील आल्फ्रेड फिशर यांनीं तें साफ नाकारलें. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनीं त्यांच्याशीं मोठा वाद करून तो पुराव्यानें जिंकला.

महाराष्ट्रांत या शास्त्राचें बीजारोपण पुण्याच्या कृषि महाविद्यालयांत झालें. तेथें प्रा. एम. के. पटेल व त्यांचे सहकारी यांनीं आपल्याकडील झाडापिकांवरील जंतुरोगांचा एकामागून एक छडा लावला. आंब्यावरील जंतुरोगाचें वर्णन त्यांनीं १९४८ मध्यें प्रसिद्ध केलें. केळवें-माहीमच्या बागाईतदारांना ज्याची धास्ती वाटावी, त्या पानवेलीवरील जंतुजन्य ठिपक्यांच्या रोगाचें वर्णन पटेल, कुलकर्णी व धांडे यांनीं १९५१ मध्यें केलें. त्याच वर्षीं तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगडांत, भातावरील कडा-करपा हिंदुस्थानांत प्रथम नोंदला गेला. त्याचें वर्णन श्रीनिवासन, तिरुमलाचार व पटेल यांनीं १९५९ मध्यें छापलें. पालघर तालुका त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत होता आणि कुलाबा हा त्या जिल्ह्याचा दक्षिणेकडील शेजारी. म्हणजे देशांतील या रोगाची पहिली नोंद कोंकणच्याच मातींतली आहे. त्यानंतर बाराच वर्षांनीं, १९६३ मध्यें, बिहारांत या रोगाची मोठी सांथ आली, आणि हें संकट एका जिल्ह्यापुरतें नाहीं हें सर्वांना कळून चुकलें.

जंतु पानांत शिरतो तरी कसा? भाताच्या पानाच्या कडेला अतिसूक्ष्म रंध्रें असतात. रात्रीं मुळांनीं ओढलेलें जादा पाणी त्यांतून थेंबांच्या रूपानें बाहेर येतें. सकाळीं पानाच्या टोकाशीं मोत्यांसारखे दिसणारे थेंब पुष्कळदां दंवाचे नसून हेच असतात. रोगट पानावरून उडालेला जंतु अशा थेंबांत पडला, आणि ऊन वर येतांना थेंब परत आंत ओढला गेला, कीं जंतूला दार उघडें मिळतें. वादळवाऱ्यानें पानांवर पानें घासून झालेल्या जखमा, लावणीच्या वेळीं तुटलेलीं मुळें, आणि आवणाचे शेंडे खुडण्याची जेथें चाल असेल तेथें त्या खुडलेल्या टोकांच्या जखमा, हींही त्याचीं दारेंच होत. एकदां आंत गेला म्हणजे तो पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वस्ती करतो व तेथेंच वाढतो. रोग लावणीनंतर लवकर आला तर कोंवळीं रोपें सबंध कोमेजून मरतात. पोटरीच्या वेळीं आला तर दाणा पोंचट राहतो. पंचवीस ते चौतीस अंश उष्णता, भरपूर ओल आणि वाऱ्यासह पाऊस हें त्याचें आवडतें हवामान. आणि श्रावण-भाद्रपदांतील पालघरचें हवामान याहून फारसें वेगळें नसतें.

येथें एक स्वाभाविक प्रश्न उपस्थित होतो. असे जंतु सभोंवार असतांना सर्व शेतें का जळून जात नाहींत? माणसाच्या शरीरांत रक्तांतील पांढऱ्या पेशी पहारेकऱ्यांसारख्या फिरत असतात. रोपाला रक्त नाहीं, फिरते शिपाई नाहींत, आणि जागचें हलण्याची सोयही नाहीं. तरीसुद्धां बहुतेक रोपें बहुतेक जंतूंना दाद देत नाहींत. याचें कारण असें कीं, रोपाची प्रत्येक पेशी स्वतःच स्वतःची राखणदार असते. तिच्या पृष्ठभागावर कांहीं प्रथिनें असतात, त्यांचें काम परका ओळखण्याचें. ओळख पटली कीं पेशी आपली भिंत आंतून लिंपून घेते, जंतुनाशक द्रव्यें तयार करते, आणि प्रसंगीं आपण मरून शेजारच्या पेशींना वांचविते. वनस्पतींच्या प्रतिकारशक्तीचें सारें रहस्य या एका ओळखीवर अवलंबून आहे.

भाताचें रोप या जंतूला कशावरून ओळखतें, या प्रश्नाचा पाठपुरावा ज्या भारतीय शास्त्रज्ञांनीं केला त्यांत डॉ. रमेश सोंटी यांचें नांव अग्रगण्य आहे. हैदराबाद येथील सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेंत त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं अनेक वर्षें याच एका जंतूचा अभ्यास केला, आणि २००४ मध्यें त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळालें. त्यांच्या संशोधनाचा गाभा सामान्य वाचकासही समजण्याजोगा आहे.

पेशीची भिंत हें रोपाचें कुंपण. तें फोडण्यासाठीं हा जंतु आपल्या शरीरांतून कांहीं पाचक द्रव्यें बाहेर सोडतो. तीं भिंतींतील घटक विरघळवितात. हीं द्रव्यें बाहेर टाकण्याची सोय ज्या जंतूंत बिघडविली, ते जंतु रोग निर्माण करण्यास असमर्थ ठरले. म्हणजे हीं द्रव्यें जंतूचें मुख्य हत्यार ठरलीं. परंतु तींच शुद्ध करून निरोगी भाताच्या पानांत घातलीं तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जंतु मुळींच नसतांना रोप सावध झालें. त्याच्या पेशींनीं भिंतीवर कॅलोज नांवाच्या पदार्थाचा लेप चढविला. घरफोड्याच्या पहारीचा आवाज ऐकून घरधनी जागा व्हावा, तसाच हा प्रकार. ज्या हत्यारानें जंतु आंत शिरतो, त्याच हत्यारामुळें त्याचा सुगावा लागतो. सोंटी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या हत्याराला दुधारी तरवारीची उपमा दिली आहे.

मग रोप जागें होऊनही रोग कां होतो? याचेंही उत्तर त्यांच्या प्रयोगांतून मिळालें. जंतूजवळ सुईसारखें दुसरें एक साधन असतें. त्याच्यांतून तो कांहीं प्रथिनें थेट रोपाच्या पेशींत टोंचतो, आणि त्यांच्या योगानें जाग्या झालेल्या घरधन्याला पुन्हां गुंगी येते. ज्या जंतूंची ही सुई मोडून टाकली त्यांनीं भिंत फोडण्याचा यत्न करतांच रोपानें जोराचा प्रतिकार केला. इतकेंच नव्हे, तर असे मोडक्या सुईचे जंतु आधीं टोंचलेल्या पानावर मागाहून खरे रोगजंतु सोडले तरी रोगाचा जोर कमी पडला. हें संशोधन २००७ मध्यें प्रसिद्ध झालें. पुढें २०१३ मध्यें असें दिसून आलें कीं, ही गुंगी आणण्याचें काम करणारीं प्रथिनें एक नसून चार आहेत, आणि चारही एकदम काढून घेतलीं तरच जंतु उघडा पडतो. चोरानें एकाऐवजीं चार युक्त्या जवळ बाळगाव्या, ही त्याची सावधगिरी शेतकऱ्याला महाग पडते.

जंतूची आणखी एक युक्ति दुसऱ्या संशोधकांनीं उघडकीस आणली. रोपाच्या पेशींत साखर बाहेर सोडण्याचीं दारें असतात. तीं रोपाच्या गरजेप्रमाणें उघडतात. जंतु आपल्या सुईनें अशीं प्रथिनें आंत पाठवितो कीं, तीं या दारांच्या कुलपाला किल्लीप्रमाणें बसतात. दार उघडतें आणि जंतूला आयतें अन्न मिळतें. याचा उलगडा २००६ ते २०१० या काळांत झाला. कांहीं भातांच्या जातींत हें कुलूप जन्मतःच थोडें निराळें असतें. जंतूची किल्ली त्याला लागत नाहीं, आणि तें रोप त्या जंतूला बळी पडत नाहीं. ‘एक्सए-१३’ या नांवानें ओळखला जाणारा गुण तो हाच.

असे निरनिराळे गुण भाताच्या जातींत व रानटी भातांत विखुरलेले आहेत. सर्वांत प्रसिद्ध गुण आफ्रिकेंतील माली देशाच्या एका रानटी भातांत सांपडला. कटक येथील भात संशोधन संस्थेंतील देवदत्त या शास्त्रज्ञांनीं तें भात या रोगाला दाद देत नाहीं असें १९८३ मध्यें नोंदविलें. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत गुरुदेवसिंग खुश व त्यांचे सहकारी यांनीं तो गुण लागवडीच्या भातांत आणला, आणि १९९५ मध्यें कॅलिफोर्नियांतील पामेला रोनाल्ड यांच्या मंडळानें त्याचें मूळ शोधून काढलें. तो ‘एक्सए-२१’ गुण म्हणजे परक्याला ओळखणारें पेशीच्या पृष्ठभागावरील एक प्रथिनच निघालें.

आतां असा एकच पहारेकरी ठेवला तर काय होतें? जंतु फार झपाट्यानें पालटतो. कांहीं वर्षांत त्याच्यांत असा वंश निपजतो कीं जो त्या एका पहारेकऱ्याच्या नजरेंतून निसटतो. म्हणून सोंटी यांची संस्था आणि हैदराबाद येथील भात संशोधनाची राष्ट्रीय संस्था यांनीं मिळून तीन गुण एका वाणांत आणले. आंध्र-तेलंगणांत लोकप्रिय असलेल्या सांबा मसुरी या बारीक तांदुळाच्या वाणाशीं रोगास न जुमानणाऱ्या वाणाचा संकर केला. पुढच्या पिढ्या पुनःपुन्हां मूळ सांबा मसुरीशीं जोडल्या. आणि प्रत्येक पिढींत कोणत्या रोपांत तिन्ही गुण उतरले आहेत हें प्रयोगशाळेंत तपासून तेवढींच पुढें नेलीं. अशा रीतीनें तयार झालेलें सुधारित सांबा मसुरी हें वाण २००८ मध्यें प्रसृत झालें. दाणा व चव मूळचीच, आणि करप्याशीं झुंजण्याची शक्ति नवी. या वाणाला पिकण्यास सुमारें साडेचार महिने लागतात. तेव्हां पालघरच्या प्रत्येक खाचरांत तेंच लावावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु रीत सिद्ध झाली आहे, आणि तीच रीत कोंकणांतल्या लोकप्रिय वाणांनाही लागूं पडते. बियाणें घेतांना कर्जत किंवा पालघर येथील कृषि संशोधन केंद्रांत त्या वाणाची कडा-करप्यापुढें काय मातब्बरी आहे हें विचारणें, हा यांतून निघणारा पहिला व्यावहारिक धडा होय.

दुसरा धडा औषधासंबंधीं आहे. बुरशीच्या रोगांवर जशीं औषधें चालतात तशीं जंतुरोगांवर चालत नाहींत. पुष्कळ वर्षें शेतकऱ्यांना स्ट्रेप्टोसायक्लीनची भुकटी फवारण्यास सांगितलें जाई. तिच्यांतील मुख्य द्रव्य स्ट्रेप्टोमायसीन हें १९४३ मध्यें अमेरिकेंत सांपडलें, आणि क्षयरोगावरील पहिलें खरें गुणकारी औषध तें हेंच. पानाच्या नळ्यांत दडून बसलेल्या जंतूपर्यंत फवारा नीटसा पोंचत नाहीं, पावसाची सर आली कीं तो धुऊन जातो. मात्र शेतांतील इतर असंख्य जंतूंना तें औषध पचविण्याची संवय लागते. ही संवय एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊं शकते. माणसाला वांचविणारें औषध असें शेतांत बोथट होऊं नये, म्हणून शेतींतील त्याचा उपयोग बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्र सरकारनें डिसेंबर २०२१ मध्यें प्रसिद्ध केला. ज्या घरांत क्षयाचा रोगी आहे, त्या घरच्या शेतकऱ्याला यांतील मर्म निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

तिसरा धडा मशागतीचा आहे, आणि त्याला पैसा फारसा लागत नाहीं. बी पेरण्यापूर्वीं दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बुडवावें, तरंगणारें पोंचट बी फेकून द्यावें, आणि खालीं राहिलेलें बी स्वच्छ पाण्यानें धुऊन घ्यावें. रोगट शेतांतील भात बियाण्यासाठीं ठेवूं नये. लावणी करतांना आवणाचे शेंडे खुडूं नयेत. युरिया एकदम न देतां दोन-तीन हप्त्यांनीं द्यावा, आणि कडा पिवळ्या दिसतांच त्याची पुढची पाटी रोखावी. कारण अति नत्रानें पानें कोंवळीं व लुसलुशीत होतात आणि जंतूचें फावतें. रोगट खाचराचें पाणी खालच्या खाचरांत सोडूं नये. उतारावरच्या शेतांत एका बांधावरून दुसऱ्या बांधावर उतरणारें पाणी हीच या रोगाची पायवाट असते. पानें ओलीं असतांना रोगट शेतांत शिरूं नये. कापणीनंतर धसकटें, आपोआप उगवलेलें भात व बांधावरचें देवभात काढून टाकावें, कारण पुढच्या मृगापर्यंत जंतु तेथें दबा धरून राहतो.

या तीन धड्यांत परस्परविरोध नाहीं. वाणाची शक्ति रोपाला जन्मतः मिळते. मशागत त्या शक्तीला वेळ मिळवून देते. भातानें स्वतःची राखण करण्याची विद्या माणसाच्या फार आधीं संपादन केली होती. शास्त्रज्ञांनीं ती विद्या वाचावयास शिकून शेतकऱ्याच्या हातीं दिली. कुलाब्याच्या खाचरांतील पिवळ्या कडेपासून हैदराबादच्या प्रयोगशाळेपर्यंतच्या या शोधाला साठांहून अधिक वर्षें लागलीं. पुढच्या भाद्रपदांत बोईसरजवळच्या एखाद्या खाचरांत पानांच्या कडा पिवळ्या दिसल्या, तर युरियाच्या पाटीकडे हात जाण्यापूर्वीं पाण्यानें भरलेला एक पेला हातीं घ्यावा. त्या पेल्यांत धार उतरते कीं नाहीं, एवढें पाहण्यास कांहीं क्षण पुरतात, आणि वर्षाचें धान्य पुष्कळदां त्या क्षणांवर अवलंबून असतें.